शेऱ्याचा रकाना

शनिवारी दुपारी मटार सोलता सोलता बाबांनी सहज विचारलं, "तुमच्या त्या नव्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना ठेवलाय का गं?" आणि तिच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. तसं पाहिलं तर प्रश्नात दचकण्यासारखं काही नव्हतं. ती जिल्हा शिक्षण कार्यालयात, आकडेवारीच्या विभागात. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. शाळांचे वर्षाचे आकडे जाहीर करायचा समारंभ दहा दिवसांवर आलेला. अशा घरात तक्ते आणि रकाने बोलण्यात यायचेच, जसे इतर घरांत हवापाणी आणि गुडघेदुखी येतात. आई आतल्या खोलीत कपाटाशी काहीतरी शोधत स्वतःशीच वाद घालत होती. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती. टेबलावर दोन ढीग होते, बाबांपुढे दाण्यांचा आणि तिच्यापुढे सालांचा, कारण ती सोलायची त्यातले निम्मे खाऊन टाकायची. चाळिशी आली तरी ही खोड गेली नव्हती. "बाईंच्या वर्गात गळती फार," बाबा म्हणाले. पाचव्या वर्षी ती उशा मांडून त्यांना पाढे शिकवायची, तेव्हापासून ते तिला बाई म्हणत. ती हसली आणि म्हणाली, "ठेवलाय की रकाना. आता तो भरावाच लागतो. मुख्याध्यापकांनी लिहायचं, त्याखाली आम्ही लिहायचं, मान्य की अमान्य, आणि अमान्य असेल तर का." "सहीसकट?" "सहीसकट." "बरं केलंत," बाबा म्हणाले आणि अंगठ्यानं पुढची शेंग उघडली.

बरं केलंत. या दोन शब्दांना ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहत राहिली. त्यांना माहीत आहे. त्यांना माहीत नाही. बारा वर्षं ती या दोन वाक्यांच्या मध्ये राहत होती, आणि एकाच घरात इतकी वर्षं काढल्यावर माणूस जसा अंधारातही भिंतीला हात न लावता चालतो तशी ती त्यातून वावरायला शिकली होती. बारा वर्षांपूर्वी ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि कार्यालयातली तिची ती चौथी वर्षअखेर होती. तेव्हा शाळेची प्रत मोजायची रीत अगदी सोपी, म्हणजे कुणालाही कळेल अशी होती: दहावीच्या पटावर किती मुलं, त्यांतली पास किती. शंभरातली ऐंशी झाली तर अ, पासष्ट झाली तर ब, त्याखाली क. मग त्या अक्षराची पत्र्याची पाटी शाळेच्या फाटकावर लागायची, अ हिरवी, ब निळी, क पिवळी. जी मुलं परीक्षेला बसायचीच नाहीत ती नापासांत धरली जात, आणि म्हणूनच शहाण्या शाळा परीक्षेच्या आधी डळमळीत मुलांची नावं पटावरून कमी करत. नाव कमी करायला मुख्याध्यापकाची एक सही पुरे. बाबांनी सदतीस वर्षांच्या नोकरीत तशी सही एकदाही केली नाही. त्या वर्षी त्यांच्या शाळेत दहावीला सेहेचाळीस मुलं होती आणि त्यांतली अकरा परीक्षेच्या दिवशी आली नाहीत. तिनं आधीच फोन करून सांगितलं होतं, "बाबा, जी बसणार नाहीत त्यांची नावं कमी करा. सगळ्या शाळा करतात." ते म्हणाले होते, "सगळ्या शाळा करतात म्हणूनच त्यातली चार माझ्याकडे आलीत." "अहो, पण पाटी पिवळी लागेल." "लागू दे. उन्हात तसाही रंग उडतो."

पण त्यांनी पत्र लिहिलं. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना होता, आणि नियमात अशी सोय होती की, मुख्याध्यापकांनी कारणं कळवली आणि ती पटली तर तेवढी मुलं हिशेबातून वगळून टक्केवारी काढावी. कारणं पटतात की नाही हे ठरवणारं टेबल तिचं होतं. त्या वर्षी चौदा शाळांची पत्रं आली. बाबांचं पत्र दोन पानी होतं, त्यांच्या त्या उभ्या, सुट्या, फळ्यावरच्यासारख्या अक्षरातलं, एकेका मुलाला चार चार ओळी. एकीला बाळंतपणाला गेलेल्या वहिनीच्या जागी कामाला उभं राहावं लागलं होतं. एकाची आई रुग्णालयात आणि धाकटी बहीण घरी. एकाबद्दल त्यांनी नुसतं लिहिलं होतं, "हा घाबरला आहे. पुढच्या वर्षी बसेल." बाकी तेरा पत्रं तिनं मान्य केली, काही तर नुसती वरवर वाचून. चौदावं तिनं दोनदा वाचलं. मग पंचनं भोक पाडलं, फायलीच्या दोरीत ओवलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. खोलीत आठ टेबलं होती आणि आठही जणांना ती कुणाची मुलगी हे माहीत होतं. बापाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, इतकाच विचार त्या क्षणी होता, आणि तो तिला त्या क्षणी फार स्वच्छ वाटला होता, परीटघडीचा. अकरा मुलं वगळली असती तर पस्तिसांतली एकोणतीस पास, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. हिरवी पाटी. न वगळता त्रेसष्ट. हे गणित करायला तिला कागद लागला नव्हता, आणि नंतर विसरायला कितीही कागद पुरले नसते. पाटी पिवळी लागली. दोन वर्षांत पाचवीची एक तुकडी बंद पडली, कारण पाटी बघून पालक पुढच्या चौकातल्या शाळेत जाऊ लागले. बाबा त्या पिवळ्या पाटीखालून निवृत्त झाले. पत्राचं काय झालं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त, जेवताना, मिठाची बाटली पुढे सरकवत ते म्हणाले होते, "पत्र पोचलं असेलच." तो प्रश्न नव्हता, म्हणून तिनं उत्तर दिलं नव्हतं.

त्या शनिवारीही सांगता आलं असतं. दाणे होते, दुपार होती, आई आत होती. पण आई कपाटातून बाहेर आली ती एक जुनी छत्री घेऊन, आणि "ही कुणाची? आपल्याकडे कधी अशी छत्री होती का?" या विषयावर तिघांची पुढची वीस मिनिटं गेली. बाबांचं म्हणणं, ती वाचनालयात अदलाबदल होऊन आली असणार. आईचं म्हणणं, अदलाबदल व्हायला यांनी कधी छत्री नेली होती? ती निघाली तेव्हा बाबा जिन्यापर्यंत आले. "तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालाय, सांभाळून," ते म्हणाले. मग, ती दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर, वरून वाकून, "आणि समारंभात आकडे सावकाश वाच. तू फार भरभर वाचतेस." तिनं खालूनच हात हलवला. बस लवकर मिळाली. खिडकीशी बसून तिनं ठरवलं की समारंभ झाला की सांगायचं. तेव्हा सांगण्याला काही अर्थ येईल, नवी पद्धत पुढे ठेवून सांगता येईल, की हे बघा, चूक केली आणि चूक निस्तरली. चुकीबरोबर तिची भरपाईही घेऊन जावं, रिकाम्या हातानं जाऊ नये, असं काहीतरी. आता आठवलं की तिला या विचाराचंच हसू येतं. बाबांकडे ती कधी रिकाम्या हातानं गेली नव्हती असं थोडंच होतं.

रविवारी दुपारी बाबा आडवे झाले ते चहाला उठले नाहीत. आईनं दोन हाका मारल्या आणि तिसऱ्यांदा कप घेऊनच दारात गेली. एवढंच झालं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल, आणि आई डॉक्टरांवर चिडली, "त्यांना सगळं कळायचं."

पुढचे दिवस माणसांचे होते. माणसं येत, बसत, दाराशी चपलांची अदलाबदल करून जात. बाबांचे विद्यार्थी ओळखू यायचे, कारण ते बसण्याआधी खुर्ची किंचित उचलून ठेवत, फरफटवत नसत. एक दाढीवाला, आडव्या बांध्याचा माणूस आला, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा सदरा घातलेला. त्यानं आपलं नाव सांगितलं आणि तिला पत्रातली सातवी जागा आठवली: आई रुग्णालयात, धाकटी बहीण घरी. "मी दहावी एकविसाव्या वर्षी केली, ताई," तो म्हणाला. "फॉर्म भरायला गेलो तर म्हटलं आता माझं कुठे काय असणार. तर सरांनी पट काढून दाखवला. नाव होतं. म्हणाले, उशीर झालाय तुला, बस." मग त्याला रडू आलं आणि ते लपवायला तो इमारतीच्या लिफ्टबद्दल बोलू लागला, की तिचा आवाज बरोबर नाही, एकदा बघून जातो, यात काही विशेष नाही. आई म्हणाली, "बघ बाबा. हे तीन वर्षं सांगतायत, ती लिफ्ट गुरगुरते म्हणून." हे म्हणताना आईच्या तोंडी वर्तमानकाळ आला आणि कुणीही तो दुरुस्त केला नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला वाटलं होतं दुःख एखाद्या ओझ्यासारखं असेल. ते तसं नव्हतंच. ते बरंचसं लक्ष लागण्यासारखं होतं. प्रत्येक वस्तू जरा जास्तच नीट दिसत होती, कपाच्या कडेचा टवका, साबणावर उमटलेली अंगठ्याची खूण. आणि मधूनच, लाज वाटावी इतकं, बरंही वाटत होतं. माणसं बाबांचे किस्से सांगत होती आणि ते खरोखर विनोदी होते.

बुधवारी ती कामावर गेली. साहेब म्हणाले, "तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं." साहेब भले माणूस, फक्त कुठल्याही गोष्टीला आधी घाबरत आणि मग हो म्हणत. नव्या पद्धतीलाही त्यांनी असंच हो म्हटलं होतं. पद्धत तिनं आणि दोन शिक्षिकांनी मिळून दीड वर्ष खपून बसवली होती. मूल पाचवीत आलं तेव्हा त्याला काय येत होतं आणि दहावीतून जाताना काय येतं, यातलं अंतर मोजायचं. मधल्या वाटेत कुणी नाव कमी केलं तर ते मूल कमी करणाऱ्या शाळेच्याच खात्यावर धरायचं. परत आलं तर घेणाऱ्या शाळेला त्याचं श्रेय. यंदाचं वर्ष चाचणीचं होतं आणि पुढे चालू ठेवायचं की नाही हे समारंभाला येणारे संचालक ठरवणार होते. आकडे चांगले होते, खरोखर चांगले. दहावीच्या आधी पटावरून कमी झालेली नावं मागच्या वर्षी आठशे चाळीस होती, यंदा एकशे सहा. एकसष्ट मुलं, जी गेली होती, परत येऊन बसली होती. आणि फाटकांवरच्या पाट्या उतरल्या होत्या. उतरलेल्या पाट्या परत जमा करा असं पत्रक साहेबांनी काढलं होतं, पण निम्म्या आल्याच नाहीत. एका शाळेत पिवळी पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसली होती. एका मुख्याध्यापकांनी लेखी कळवलं होतं की पाटी सापडत नाही, आणि सापडावी अशी शाळेची इच्छाही नाही. त्यावर साहेबांनी विचारलं होतं, "याला काय शेरा मारायचा?" ती म्हणाली होती, "मान्य." तिनं दुपारी जुन्या फायलींची यादी सहज पाहिली. दहा वर्षांनी फायली नष्ट करतात. बारा वर्षांपूर्वीची ती फाईल दोन वर्षांमागेच कागदाच्या लगद्यात गेली होती. म्हणजे आता ते पत्र कुठेही नव्हतं. ज्यानं लिहिलं तो नव्हता, आणि जिनं वाचलं ती बोलली नाही तर ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिनं यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

समारंभाच्या सकाळी आईनं तिचे कपडे इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवले होते. "मी नाही गेले तरी चालेल," ती म्हणाली. "मग काय करणार? दोघी एकमेकींकडे बघत बसायचं? मला तर तुझं तोंड पाठ आहे." आई कॉलर नीट करत म्हणाली. "जा. आणि सावकाश वाच."

सभागृह भरलेलं होतं. सव्वादोनशे शाळांचे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे शिक्षक, आणि सगळ्या शिक्षकांची मिळून जी एक कुजबुज असते, वर्गात ती चालू देत नाहीत आणि सभेत स्वतः थांबवत नाहीत, ती. व्यासपीठावर संचालक, साहेब आणि ती. तिनं आकडे वाचले. आठशे चाळीस म्हटल्यावर थांबली, एकशे सहा म्हटल्यावर थांबली, आणि त्या दुसऱ्या थांबण्यात टाळ्या आल्या, आधी मागच्या रांगांतून, मग सगळीकडून. परत आलेली एकसष्ट मुलं असलेल्या शाळांची नावं तिनं घेतली तेव्हा लोक उभे राहिले. ते इतकं साधं आणि आनंदाचं दृश्य होतं, भिंगाचे चष्मे पुसणारे थकलेले लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते, की तिलाही हसू फुटलं, आणि घरी गेल्यावर हे सांगायचं असं मनात आलं, आणि कुणाला, ते त्यामागोमाग आलं, पण तोपर्यंत हसून झालं होतं.

मग प्रश्नांना सुरुवात झाली. चौकातल्या शाळेचे मुख्याध्यापक उठले, वीस वर्षं हिरव्या पाटीखाली काढलेले गृहस्थ. "मला एक सांगा, आम्ही चांगल्या मुलांना चांगलं ठेवलं यात काय पाप केलं? नव्या हिशेबात आम्ही मधेच कुठेतरी लोंबकळतोय." मागून कुणीतरी म्हणालं, "सवय होईल, सर, आम्हाला झाली होती." सभागृह हसलं, आणि विशेष म्हणजे तेही हसले. संचालक काहीतरी लिहून घेत होते. शेवटी बाबांच्या शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका उठल्या. बारा वर्षांपूर्वी त्या तिथे गणित शिकवायच्या. मागच्या आठवड्यात घरी येऊन आईजवळ बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पद्धत चांगली आहे. मला विरोध करायचा नाही. पण शेऱ्याचा रकाना तेव्हाही होता, साहेब. आमच्या सरांनी तेव्हा अकरा मुलांबद्दल पत्र दिलं होतं. ते लिहीत होते तेव्हा मी शेजारी बसून तारखा सांगत होते. त्या पत्राला उत्तर आलं नाही. पाटी मात्र आली. सरांना मी दहादा म्हटलं, जाऊन विचारा. ते म्हणायचे, तिथे माझी मुलगी आहे, मी विचारलं तर तिला अवघड होईल. मला कुणाला दोष द्यायचा नाही. एवढंच विचारायचंय, आता आम्ही त्या रकान्यात जे लिहू ते कुणी वाचणार आहे का? कारण तसं नसेल तर पुन्हा आपलं नावं कमी करणंच सोपं."

कुजबुज थांबली. संचालकांचं पेनही थांबलं. साहेबांनी घाईघाईनं माईक जवळ ओढला, "त्या काळी टपालात बरेच कागद गहाळ व्हायचे, मॅडम, तेही तसंच कुठेतरी..." आणि तिच्याकडे पाहिलं, भल्या माणसाच्या नजरेनं, की तू गप्प राहा, मी सांभाळतो. आणि खरंच सांभाळलं गेलं असतं. टपाल हे चांगलं उत्तर होतं, टपालाला बायकापोरं नसतात. तिला अवघड होईल. म्हणजे ते बारा वर्षं विचारत नव्हते ते तिच्यासाठी, आणि ती सांगत नव्हती तीही, खरं तर, तिच्याचसाठी. दोघांनी मिळून एकाच माणसाला जपलं होतं. तिला वाटलं छातीत काहीतरी तुटेल, पण काही तुटलं नाही. उलट जागा झाली, श्वास नीट खालपर्यंत गेला. तिनं साहेबांच्या पुढ्यातला माईक उचलला. तो गरम होता. समोर सव्वादोनशे शाळा तिच्याकडे बघत होत्या, आणि ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"गहाळ नाही झालं. पत्र पोचलं होतं. माझ्याच टेबलावर. त्या वर्षी चौदा पत्रं आली, तेरा मी मान्य केली आणि हे एक ओवून ठेवून दिलं, कारण ते माझ्या वडिलांचं होतं आणि लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. ते मी दोनदा वाचलं होतं, मॅडम. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं."